न सुकणारं मीठ

आमच्या मिठागरात सगळी माणसं हातापायांनी कष्ट करायची, मी जिभेने करायचो. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. पेणच्या खाली खाडीकाठी ज्याने मिठाचा धंदा जवळून पाहिला आहे तो हसणार नाही.

भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. एवढं कोणालाही ठाऊक असतं. पुढचं नसतं. मीठ धरल्यावर त्याच्या अंगावर जे पाणी उरतं ते कडू. ते वेळेवर खाडीत सोडलं नाही तर कडूपणा मिठात उतरतो आणि मग त्या मिठाला कोणी तोंड लावत नाही. घाई करून लवकर सोडलं तर धरू पाहणारं मीठ पाण्याबरोबर वाहून जातं. ती वेळ ओळखणारा तो मुकादम. आधी बा मुकादम होता, त्याच्या मागून मी झालो. रोज सकाळी, पोटात काही जायच्या आधी, चूळ भरायची, प्रत्येक वाफ्यात बोट बुडवायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. हंगामात तंबाखू नाही, विडी नाही, तिखट बेताचं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी आमटी बाजूला सारायचो. माझी बायको चांगुणा म्हणायची, "तुमची जीब म्हंजे माजी सवतच हाय. सगले लाड तिचेच."

आगराच्या मालकाकडे, गुजराती शेठकडे, एक काचेची नळी होती. पाण्यात सोडली की आकडा दाखवायची. तरी शेठ नळी बघून झाली की माझ्याकडे बघायचा, आणि मी मान हलवल्याशिवाय बांध फुटायचा नाही. गर्व होता मला त्याचा. नव्हता असं कशाला म्हणू?

मी चौथीपर्यंत शिकलो म्हणून हे लिहिता येतं आहे. लिहायचं कारण रागाचं आहे, तेही लपवत नाही. आजारात मला एकानेही सांगितलं नाही की बाबा रे, असं आणखी कोणाचं झालं होतं आणि तो असा असा बरा झाला. सगळ्या मुलखात मी एकटाच मूर्ख, असं समजून मी दिवस काढले. आता ठिकठिकाणी कारखाने निघताहेत आणि आमची माणसं तिथे बाटल्या धुवायला जाताहेत. निदान त्यांना तरी एकटं वाटू नये.

पत्र्याची खोली

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेठने बांधाजवळ एक पत्र्याची खोली उभारली आणि विलायतेहून रसायन शिकून आलेला एक तरुण तिथे आणून बसवला. आपण जे कडू पाणी खाडीत सोडतो त्यातून काही काही काढता येतं, असं त्याने शेठला पटवलं होतं. आम्ही त्याला रसायनसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. गोरा, बारीक, घाम आला की चष्मा पुसणारा. आमच्याशी मराठीतच बोलायचा, आणि कोणाला अरेतुरे केलं तरी त्यात हेटाळणी नसायची.

हंगामाला अजून अवकाश होता. आगरात फक्त बांधांची डागडुजी चालू होती. शेठने मला खोलीत लावलं. बाटल्या धुवायच्या, पाणी भरायचं, चुलाणं पेटतं ठेवायचं. साहेबाने पहिल्या दिवशी सगळं दाखवलं.

"हे तेजाब. अंगावर पडलं तर भोक पडेल. ही बाटली उघडलीस तर डोळ्यांतून पाणी येईल, दार उघडं ठेवूनच उघडायची. धूर दिसला की बाहेर पळायचं. समजलं?"

"समजलं, साहेब."

"आणि मला विचारल्याशिवाय काही ओतायचं नाही."

स्वतः तो रबराचे हातमोजे घालायचा, पुढे जाड कापड बांधायचा. हातमोज्यांचा जोड एकच होता, आणि त्याच्या बोटांच्या मापाचा. आमची आगरी पद्धत वेगळी. खाऱ्या पाण्यात उतरायच्या आधी आम्ही हातापायांना खोबरेल चोळतो, म्हणजे कातडी फुटत नाही. मी तेच करून खोलीत जायचो. साहेबाने कधी हरकत घेतली नाही. त्याला दिसलं तरी होतं की नाही कोण जाणे.

एक दिवस साहेब फार खुशीत होता. एका जाड काचेच्या बरणीत त्याने काहीतरी तयार केलं होतं. पाण्यासारखं स्वच्छ, फक्त ओतताना जरा जड, काकवीसारखं संथ. मी विचारलं, "ह्ये काय हाय साहेब? तेजाब?"

तो हसला. म्हणाला, "अरे, तुझ्याच जातीचं आहे हे. मीठ आहे. नुसतं मीठ. फक्त पातळ आहे."

"पान्यात इरगललंय का?"

"छे! थेंबभरही पाणी नाही यात. हे मीठच असं पातळ असतं. नवल आहे की नाही?"

त्याने त्याचं लांबलचक नाव सांगितलं, ते मला तेव्हाही कळलं नाही. कानात राहिलं ते एवढंच. नुसतं मीठ. धूर नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. ज्या ज्या गोष्टींना भ्यायला त्याने शिकवलं होतं त्यांतली एकही त्यात नव्हती. आणि मिठाला आगरी माणसाने भ्यायचं? मिठावर आमचे आजे-पणजे वाढले. जखम झाली तर आम्ही खाडीच्या पाण्यात हात बुचकळतो. दृष्ट लागली तर मीठ ओवाळतो.

बशी

पातळ मीठ ही गोष्ट मला झोपेतही सुचली नसती. मिठाचा सगळा कारभार सुकण्यावर चालतो. पाणी जातं, मीठ उरतं, यावर आमची चूल पेटते. आणि हे म्हणे पाणी नसताना ओलं! मला ते खोटं वाटलं, खरं सांगायचं तर अपमान वाटला.

बरणी धुताना तळाला थोडं उरलेलं मी एका काचेच्या बशीत काढलं आणि खोलीमागच्या बांधावर उन्हात ठेवलं. शेजारच्या बशीत खाडीचं पाणी ठेवलं. पाणी दुपारपर्यंत उडालं, खाली पांढरं मीठ धरलं. हे मात्र जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर उलट थोडं वाढलेलंच. पहाटेच्या दवातलं पाणी ओढून घेत असणार. ऑक्टोबरच्या उन्हात दगड तडकतात, आणि हे मजेत पहुडलेलं.

मग मी तेच केलं जे आगरातला कुठलाही मुकादम करेल. वाफा पिकतो आहे की नाही हे बघायचं ते जिभेने. सकाळी उपाशीपोटी, चूळ भरून, मी बशीत बोट बुडवलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. आधी गार लागलं, मग खारट, मग आंबटासारखं, आणि मागाहून बारीक चुरचुर. मी थुंकलो. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. आज पिकेल, उद्या पिकेल म्हणत मी रोज त्या बशीपाशी जात राहिलो. चुरचुर वाढत होती, ती मला त्याच्या पिकण्याची खूण वाटत होती. ती माझी जीभ मरत होती.

हात मी पंच्याला पुसायचो. तो पंचा त्या दिवसांत कधी कोरडा झाला नाही. दोरीवर दिवसभर वाळत घातला तरी हात पुसलेला तेवढा भाग ओलसरच. चांगुणा वैतागायची. "काय तेल सांडून आनता रोज? घासून घासून माजं हात गेलं." मी म्हटलं, साधं मीठ आहे ते. तिने मग आणखी जोराने घासलं.

अळणी कालवण

एका दुपारी जेवायला बसलो. बोंबलाचं कालवण होतं. पहिला घास घेतला आणि मी ताट सरकवलं.

"मीठ घालायला ईसरलीस?"

"घातलंय की."

"घातलंय म्हने! मिठागरवाल्याच्या घरात अलनी कालवन? लोकं थुकतील तोंडावर."

चांगुणाने चिमूट टाकली. मी घास घेतला. अळणीच. तिने आणखी टाकलं. मी ओरडलो, टाक म्हणतो तर नीट टाक ना. तिने भांड्यातच मूठभर घातलं, मला वाढलं आणि भांडं आदळलं. मी जेवत होतो तेवढ्यात आय आली, माझी आई. तिने आपल्या भातावर तेच कालवण घेतलं, घास तोंडात घातला, आणि धावत पडवीत जाऊन थुंकली.

"अगो, समिंदर वतलास का काय यात?"

मग आय माझ्या ताटाकडे बघत राहिली. मी त्याच कालवणाचा भात निम्मा संपवला होता. चांगुणाही बघत होती. आय जवळ आली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "दामा, जीब दाकव."

माझं रोगनिदान झालं ते तिथे, पडवीच्या उजेडात. नंतरच्या शिकल्यासवरल्या लोकांनी त्यात फारशी भर घातली नाही. आयने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. जीभ टोकाला पांढरी पडली होती आणि कडांना सोलवटली होती. चांगुणाने तेव्हा आपले तळवे पुढे केले. तिच्या तळव्यांची साल निघत होती, आणि ती मला इतके दिवस बोलली नव्हती. घासून घासून झालं असेल, असं तिला वाटत होतं.

पुढच्या दिवसांत जीभ सुजली. तोंडात मावेना. बोलताना शब्द फुटेना, लाळ गळायची. माझ्या हातांवर पुळ्या उठल्या, नेमक्या तेल चोळलेल्या जागी. डोकं ठणकायचं आणि बांधावर चालताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आयने हळद लावली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायला बघितल्या. पहिल्या गुळणीला मी किंचाळलो, ते गावकुसापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मिठानेच मी किंचाळावं! कोणी म्हणालं भगताकडे न्या, खाजणातलं भूत लागलंय. चांगुणाने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "जिथून आनलंय तिथं इचारा."

म्हणून आम्ही साहेबाकडे गेलो. मी बोलू शकत नव्हतो, चांगुणा बोलली. बशीचं सांगितलं. साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तोंडात घातलंस? ते? रोज?"

मी मान हलवली.

"अरे पण रसायन कोणी चाखतं का? काय हा अडाणीपणा!"

चांगुणा म्हणाली, "साहेब, तुमीच म्हनलाव ना का मीठ हाय?"

"शास्त्रात मीठ म्हणजे... जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं."

मला ते आजतागायत कळलेलं नाही, हे खरं आहे. त्याला मात्र एक गोष्ट सहज कळण्यासारखी होती. मिठागरात वाढलेल्या माणसाला 'मीठ' म्हटलं की तो काय करेल? त्याने कधी विचारलंच नाही की दामा, तुझं आगरातलं काम काय. विचारलं असतं तर मी अभिमानाने जीभच काढून दाखवली असती.

उतारा काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. हे नवीन द्रव्य आहे, माणसावर त्याचं काय होतं ते कोणी पाहिलेलंच नाही, म्हणाला. म्हणजे पहिला मान माझा.

अलिबाग

होडीने धरमतरची खाडी ओलांडून पुढे बैलगाडीने अलिबागला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. मी बशीतलं ते पाणी एका छोट्या बाटलीत बूच मारून नेलं होतं. त्यांनी बाटली उजेडात धरली, पण उघडली नाही.

"वास येतो याला?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"म्हणूनच. वास असता तर तू जवळ गेला नसतास." मग त्यांनी विचारलं, "धंदा काय?"

चांगुणा म्हणाली, "मिठाची चव घेत्यात. मुकादम हायत."

डॉक्टरांचा हात जरा थांबला. त्यांनी पुन्हा एकदा जीभ पाहिली, या खेपेला बराच वेळ. मग म्हणाले, "जखमा भरतील. चवीचं मी काही सांगू शकत नाही. खोटं आश्वासन देणार नाही." त्या माणसाबद्दल माझ्या मनात कडू शब्द नाही. सबंध आजारात मला खरं बोलणारा तोच एक भेटला. पण त्या दिवशी मला खोटं चाललं असतं.

दवाखान्यातले दिवस एकमेकांसारखे. सकाळी कंपाउंडर यायचा, "आ कर" म्हणायचा, दिवा जवळ धरायचा आणि काडीला कापूस गुंडाळून जिभेला चिकट औषध लावायचा. मग पातळ कांजी. दुपारी दूध. संध्याकाळी परत "आ कर". हातांना पट्ट्या बांधलेल्या, म्हणून कांजीसुद्धा चांगुणाने पाजायची. तिच्याही हातांना पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या हातांनी वाटी धरून ती मला भरवायची आणि निम्मी सांडायची, मग दोघांनाही रडू यायचं, कधी हसू. ती रात्री अलिबागेतल्या तिच्या मावशीकडे जायची. जाताना म्हणायची, "जीब आत ठेवा. कोनी नेत न्हाय तिला." 

मला सगळ्यात भीती कशाची वाटत होती ते सांगतो. मरणाची नाही. हंगामाची. पौष सरला की वाफ्यांत पाणी घेतात, आणि पहिलं मीठ धरतं तेव्हा मुकादमाची जीभ लागते. तोवर चव आली नाही तर मी कोण? हातापायांनी काम करणारे आगरात पुष्कळ होते, आणि सगळे माझ्यापेक्षा बरे.

शेजारच्या खाटेवर किहीमकडचा एक कोळी होता, धर्मा नावाचा. हाताला माशाचा काटा लागून हात कोपरापर्यंत सुजला होता. त्याला माझी गोष्ट कळली तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या सकाळी कांजी आली. त्याने आपल्या वाटीतून घोट घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मुकादम, आज मीठ जरा कमी हाय. आनि तांदूल जुना हाय, गोडसर लागतो."

मी घोट घेतला. मला काहीच लागलं नाही. पण आपण काय गिळतो आहोत ते निदान कळलं. तेव्हापासून रोज तो आधी चाखायचा आणि सांगायचा. "दूध लागलंय, तलाला कर्पलंय." "आज साकर हाय, कंपाउंडरच्या घरी काय तरी झायलं असंल." एखादे दिवशी मी रागाने तोंड फिरवलं तरी तो आपला सांगून मोकळा व्हायचा. माझं आणि त्याचं काही नातं नव्हतं. त्याचं बोट शेवटी कापावं लागलं. त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी त्याने पडल्या पडल्या घोट घेतला आणि म्हणाला, "मीठ बराबर हाय." 

घरी

जखमा भरल्या. बोलणं सुधारलं, थोडं जड राहिलं. चव नव्हती. मला वास यायचा, ऊन-गार कळायचं, तिखट झोंबायचं. पण खारट, गोड, आंबट, काही नाही. जेवण म्हणजे नुसतं चावणं.

हंगाम उघडला. शेठने माझ्या चुलत भावाला, हिराजीला, मुकादम केलं. मला म्हणाला, "जीभ सारी थाय, पछी आवजे." जीभ बरी झाली की ये. मी उद्याच येणार असल्यासारखं बोलला, आणि माझ्या हातात फावडं आलं. हिराजी चांगला माणूस. तो माझ्यासमोर पाणी चाखायचा नाही, मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलो की गुपचूप बोट बुडवायचा. त्याने समोर चाखलं असतं तर मला कमी लागलं असतं.

घरात मी कडवट झालो. चांगुणाच्या प्रत्येक बोलण्यावर खेकसायचो. तिचे तळवे भरले होते, कातडी नवी, गुलाबी, पाणी लागलं तरी झोंबणारी. ती एकदाही म्हणाली नाही की तुमच्या पंच्याने झालं. आय म्हणाली एकदा. मी दोन दिवस आयशी बोललो नाही.

त्याच साली देशभर मिठाची चळवळ सुरू झाली. आमच्या खाडीवरसुद्धा पांढऱ्या टोप्यांची माणसं आली, खारट चिखल उकळून चिमूटभर मीठ काढलं आणि प्रत्येकाच्या जिभेवर ठेवलं. माझ्याही. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. एक म्हातारा मला म्हणाला, "काय गोडी आहे नाही या मिठात!" मी हो म्हटलं. सगळा देश त्या वर्षी मिठाची चव घेत होता आणि मी, मिठाचा मुकादम, चिखल गिळल्यासारखा उभा होतो.

वाफा

वैशाखात एका सकाळी चूळ भरताना मला काहीतरी लागलं. मी थबकलो. पुन्हा जीभ टाळूला लावली. कडू! जिभेच्या मागच्या बाजूला, बारीक, पण खरंच कडू. मी कोणाला काही सांगितलं नाही. उपाशीपोटीच आगरात गेलो आणि पश्चिमेच्या शेवटच्या वाफ्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

कडू.

हिराजी पलीकडच्या बांधावर होता. मी हाक मारली, "हिराजी! पानी कडू झालंय! सोड ह्यो वाफा!"

तो धावत आला. "कालच तर धरायला लागलाय. अजून दोन-चार रोज तरी..." 

"मना चव आयली, हिराजी. मी सांगतो. सोड."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. स्वतः बोट बुडवायला वाकला, आणि मग तसाच परत सरळ झाला. त्याने चाखलं नाही. मोठ्या भावाची चव परत आली आहे आणि आपण ती तपासायची, हे त्याला बरं दिसलं नसावं. त्याने फावडं घेतलं आणि बांध फोडला. पाणी खाडीकडे धावलं. मी काठावर उभा राहून रडत होतो, आनंदाने. पाणी ओसरलं तसा तळ दिसायला लागला. मीठ नव्हतं. पातळ साय धरावी तशी पांढरी झाक, तीही पाण्याबरोबर चाललेली.

मी झोपडीत जाऊन मडक्यातलं पाणी प्यालो. गोडं पाणी, विहिरीचं.

ते कडू होतं.

आणखी एक घोट घेतला. कडू. डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला. कडू. भाकरीचा तुकडा. कडू. माझी जीभ परत आली होती ती एवढंच बोलायला शिकून. मुकादमाला ओळखायची असते ती नेमकी हीच चव, आणि ती मला आता सगळ्याच गोष्टींना लागत होती, म्हणजे ती माझ्या काही कामाची नव्हती.

हिराजी दारात उभा होता. त्याने मडकं पाहिलं, गूळ पाहिला. त्याला समजलं. संध्याकाळी शेठ आला तेव्हा हिराजी म्हणाला, खेकड्यांनी बांध पोखरला होता, फुटला. शेठने खेकड्यांना शिव्या घातल्या. मी खाली मान घालून ऐकल्या.

पाटी

ही गोष्ट घडून आता काही वर्षं झाली. पत्र्याची खोली अजून आहे. रसायनसाहेबाने माझ्यानंतर आत एक पाटी लावली. चाखू नये, अंगाला लावू नये, असं काहीसं त्यावर आहे म्हणतात. पाटी इंग्रजीत आहे.

म्हणून खोलीत नवीन माणूस लागला की मी जातो. साहेबाला ते आवडत नाही, घाबरवू नकोस म्हणतो. मी घाबरवत नाही. मी चार माणसं गोळा करतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, काहीही जिभेवर ठेवा. एकजण मीठ ठेवतो, दुसरा गूळ, कोणी चिंच, एकदा एकाने चुलीतली राख ठेवली होती. दर वेळी मी सांगतो, कडू. सुरुवातीला सगळे हसतात. राखेनंतर कोणी हसत नाही.

मग सांगतो ते एवढंच. वास येत नाही, धूर निघत नाही, म्हणून बिनघोर राहू नका. ज्याला वास असतो ते निदान हाक मारून येतं. उन्हात जे सुकत नाही ते तुमच्या कपड्यावर, दाराच्या कडीवर, भाकरीच्या फडक्यावरही सुकत नाही, तसंच बसून राहतं. तेल चोळून आत जाऊ नका, माझ्या पुळ्या नेमक्या तेलाखाली उठल्या होत्या. कामाचे कपडे बायकोला धुवायला देऊ नका. आणि शिकलेला माणूस म्हणाला की हे नुसतं अमुक आहे, तर त्याला हातमोजे मागा आणि ते आपल्या मापाचे आहेत का ते बघा.

घरी जेवायला बसलो की चांगुणा आधी पहिला घास स्वतः घेते. आमच्याकडे बायका पुरुषांच्या आधी जेवत नाहीत. सुरुवातीला आय तोंड फिरवायची, आता तीही वाट बघते. धर्माची गोष्ट मी चांगुणाला सांगितली होती, तेव्हापासून हे चालू आहे. ती घास चावते, जरा थांबते आणि माझ्याकडे बघून सांगते, "मीठ बराबर हाय."

मग मी जेवतो. सगळं कडूच लागतं.